‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ (१९८१): एकाच चित्रपटाबद्दल इतकी टोकाची मतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १९८१ सालचा ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ तुम्ही मोबाइलवर पाहिला, अर्ध्यातच कंटाळलात आणि कसाबसा संपवलात. मग लोकांची मतं वाचली. कुणी म्हणतं, स्लॅशर प्रकारात (म्हणजे एक खुनी एकेकाला हत्याराने मारत सुटतो अशा भयपटांत) याच्या तोडीचा दुसरा नाही. कुणी म्हणतं, नुसता किळसवाणा रक्तपात आहे. आणि कुणी म्हणतं, रक्तपात म्हणून ऐकलं होतं, पण रक्त आहेच कुठे? यातलं खरं कोणाचं मानायचं, जुन्या आठवणींपायी लोक याला उगाच डोक्यावर घेतात का आणि १४ फेब्रुवारीला हॉस्टेलच्या मित्रांना हा दाखवावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी संकलक आहे. चित्रपट आणि मालिका कापणं हा माझा रोजचा उद्योग, आणि सेन्सॉरच्या सूचना आल्यावर तयार चित्रपट पुन्हा उघडून त्यातले तुकडे काढणं हेही त्यातच आलं. म्हणून माझं उत्तर एडिटिंग टेबलवरून आलेलं आहे. समीक्षक कदाचित वेगळं सांगेल. माझ्या मते तुम्ही वाचलेली बरीचशी मतं एकमेकांना खोडत नाहीत, कारण ती माणसं एकच चित्रपट पाहून बोलत नाहीयेत. नाव एक, गोष्ट एक, पण पडद्यावर आलेली वस्तू वेगळी. ‘किळसवाणा’ म्हणणारा आणि ‘रक्त कुठे’ म्हणणारा, दोघंही आपापल्या डोळ्यांशी प्रामाणिक आहेत.

हे कसं झालं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

चित्रपट कॅनडाचा. एका खाणगावात व्हॅलेंटाइन डेच्या सुमारास खाणकामगाराच्या वेशातला खुनी लोकांना मारत सुटतो, अशी गोष्ट. दिग्दर्शक जॉर्ज मिहाल्का, निर्माते जॉन डनिंग, आंद्रे लिंक आणि स्टीफन मिलर, वितरणाला अमेरिकेतली पॅरामाउंट. मे १९८०मध्ये पॅरामाउंटने ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ प्रदर्शित केला होता आणि त्या छोट्या चित्रपटाने भरपूर पैसा ओढला. त्यामुळे सगळ्यांनाच स्लॅशर हवा होता, तोही एखाद्या सणावाराला किंवा तारखेला बांधलेला. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’चं शूटिंग १९८०च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं आणि ११ फेब्रुवारी १९८१ला चित्रपट थिएटरात होता. चार-पाच महिन्यांत शूटिंग, संकलन, संगीत, मिक्सिंग, प्रिंट सगळं. त्या काळच्या फिल्मच्या कामात हा वेग जीवघेणा होता. प्रदर्शनाची तारीख हलवता येत नव्हती, कारण व्हॅलेंटाइन डे उलटून गेल्यावर हा चित्रपट कोण पाहणार?

आणि नेमकी त्याच सुमारास अमेरिकेतली हवा फिरली. जीन सिस्कल आणि रॉजर ईबर्ट या दोन नावाजलेल्या समीक्षकांनी १९८०मध्ये टीव्हीवरच्या आपल्या कार्यक्रमाचा एक अख्खा भाग, बायकांना सावज करणाऱ्या चित्रपटांवर टीका करण्यात घालवला. ८ डिसेंबर १९८०ला न्यूयॉर्कमध्ये बीटल्सचा गायक जॉन लेनन याचा खून झाला आणि पडद्यावरच्या हिंसेविरुद्धची चीड आणखी वाढली. मिहाल्काने नंतर आपल्या चित्रपटावरच्या कात्रीचा संबंध या घटनेशी जोडलेला आहे. मोशन पिक्चर असोसिएशन ऑफ अमेरिका, म्हणजे तिथे रेटिंग देणारी संस्था, हिने सुचवलेले कट इतके होते की दिग्दर्शकाच्या सांगण्यानुसार सुमारे ९ मिनिटं गेली. कट मान्य केले नाहीत तर ‘एक्स’ रेटिंग. ‘एक्स’ म्हणजे बरीच वर्तमानपत्रं जाहिरात घेत नाहीत, बरेच थिएटरवाले चित्रपट लावत नाहीत. पॅरामाउंटला त्याखालचं ‘आर’ (लहानांना मोठ्यांसोबतच प्रवेश) हवं होतं, तेही फेब्रुवारीच्या आत. त्यामुळे भांडत बसायला वेळ नव्हता.

आता जो मुद्दा मतं वाचताना बहुतेकांच्या लक्षात येत नाही तो सांगते.

पडद्यावरच्या एका खुनात साधारण तीन टप्पे असतात. आधी चाहूल: हत्यार उचललं जातं, सावज वळून पाहतं. मग घाव. आणि मग त्याचा परिणाम: शरीराचं काय झालं, कुणी पाहिलं. स्लॅशरमध्ये चाहूल लांब ताणतात, कारण घाव आणि परिणाम दाखवून तो ताण मोकळा करायचा असतो. संकलक पहिला टप्पा किती लांबवायचा ते पुढचे दोन टप्पे हातात धरूनच ठरवतो. सेन्सॉरने मधला टप्पा काढा आणि शेवटचा अर्धा करा म्हटलं, की पहिला टप्पा आहे तेवढाच राहतो आणि पुढे एकदम पोकळी येते. कुदळ वर गेली, चेहरा दिसला आणि लगेच दुसऱ्याच ठिकाणचा प्रसंग. प्रेक्षकाला कुठला शॉट गेलाय ते कळत नाही. त्याला फक्त ‘काहीतरी फुसकं झालं’ एवढं जाणवतं. तसं एकदा-दोनदा झालं की तो चाहुलीला घाबरणं सोडून देतो आणि मग चित्रपट ‘संथ’ वाटायला लागतो.

आवाजाचं आणखी वेगळं दुखणं. मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवणं, झाल्यावर चित्र कापलं की त्याबरोबर संगीतही तिथेच तुटतं. वेळ असेल तर तेवढा भाग पुन्हा मिक्स करता येतो. नसेल तर एक सूर चढत जातो आणि मधूनच नाहीसा होतो. आमच्याकडेही हा अनुभव येतो. चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र मिळालं की तो तसाच टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणून निर्माते पुन्हा कापून ‘यूए’ घेतात. अशी कापाकापी मी केलेली आहे आणि प्रत्येक वेळी काढलेल्या शॉटपेक्षा त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या शॉटचीच जास्त काळजी करावी लागते. एक हिंसक शॉट काढायचा म्हटलं तर त्याच्या आधीचे चार शॉट नव्याने लांब-आखूड करावे लागतात. १९८१च्या त्या घाईत जेराल्ड व्हान्सिए आणि रिट वॉलिस या संकलकांना त्यासाठी किती वेळ मिळाला असेल, याचा अंदाज तारखांवरूनच येतो.

एक प्रसंग जवळून पाहू. खुनी कोण ते सांगत नाही, काळजी नको.

खाणीच्या कामगारांची कपडे बदलायची खोली आहे. खाणीत जाणारे लोक आपले ओले, मळलेले कपडे साखळीला अडकवून छताशी ओढून ठेवतात, म्हणजे ते वर वाळतात आणि खाली जागा मोकळी राहते. सिल्व्हिया नावाची तरुणी या खोलीत एकटी आहे. वरून एक डगला धाडकन खाली येतो आणि तिच्यासमोर लोंबकळतो. मग दुसरा. मग आणखी. रिकामे कपडे, पण उभ्या माणसाच्या आकाराचे, आणि ती त्यांच्यामधून वाट काढतेय. साखळ्यांचा आवाज, हेल्मेटं, आणि यातल्या कुठल्यातरी एका कपड्यात खरंच माणूस असणार हे आपल्याला माहीत. कपडे कुठल्या खोलीत आणि कसे टांगतात, याचं साधं निरीक्षण करून उभी केलेली ही भीती आहे. त्यासाठी रक्ताचा एक थेंबही लागत नाही. मी शिकवायला बसते तेव्हा हा भाग दाखवते.

त्यानंतर खुनी तिला उचलून शॉवरच्या पाइपावर ठोकतो. पुढे तिला शोधत आलेल्याला ती तशी सापडते, तोंडातून पाणी वाहत असलेली. मेकअपचे हे प्रयोग टॉम बर्मन आणि त्याच्या चमूचे. आजही पाहताना पोटात ढवळतं, कारण रक्तापेक्षा त्या पाण्याचं वाहत राहणं जास्त भयंकर आहे. काटछाट झालेल्या प्रतीत हा शेवट इतका छाटलाय की लोंबकळत्या कपड्यांचा एवढा सुंदर चढ चढवून नेमकं घडलं काय, हे धड कळतच नाही. ज्याने हे पाहिलं तो ‘रक्त आहेच कुठे’ म्हणेल. ज्याने पूर्ण पाहिलं तो ‘किळसवाणं’ तरी म्हणेल, नाहीतर ‘सर्वोत्तम’ तरी. तुमच्या तिन्ही गटांचा जन्म या एका खोलीत दिसतो.

पूर्ण प्रत लोकांपर्यंत यायला २००९ उजाडलं. त्या वर्षी पॅट्रिक लुसिएने याच नावाने थ्रीडी रिमेक केला आणि त्या निमित्ताने जुना चित्रपट लायन्सगेटने डीव्हीडीवर पुन्हा काढला. त्यात कापलेल्यापैकी सुमारे ३ मिनिटं परत जोडली होती. म्हणजे ९ची ९ नाहीत, पण ‘पूर्ण’ म्हणते ती हीच प्रत. ते तुकडे बाकीच्या चित्रापेक्षा खरबरीत आणि फिकट दिसतात, त्यामुळे पाहताना जोड कुठे आहे ते सहज ओळखू येतं. पुढे २०२०मध्ये स्क्रीम फॅक्टरी या कंपनीने नव्या स्कॅनवरून ब्लू-रे काढली, ती बरीच सलग दिसते. म्हणजे १९८१पासून २००९पर्यंत, अठ्ठावीस वर्षं, जगाने जे पाहिलं ते छाटलेलं. त्या काळात बनलेली मतं आजही रेटिंगमध्ये आजच्या मतांच्या शेजारी बसलेली असतात. भरीला रिमेकचीही मतं त्यात मिसळतात. कुणी थ्रीडीबद्दल लिहिलं असेल तर तो दुसराच चित्रपट आहे, ते मत बाजूला ठेवा.

इथपर्यंतचं एका वाक्यात सांगायचं तर, मत वाचताना ‘हा माणूस कोणती प्रत पाहून बोलतोय’ हे आधी शोधा, पसंती-नापसंती मग. पण एवढ्याने तुमचा प्रश्न सुटत नाही, कारण पूर्ण प्रत पाहूनही नाक मुरडणारे आहेत आणि त्यातल्या काहींचं म्हणणं मला पटतं.

आधी मला हा चित्रपट का आवडतो ते सांगते, म्हणजे माझा कल तुम्हाला कळेल.

चित्रीकरण झालं कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात, केप ब्रेटन बेटावरच्या सिडनी माइन्स गावात, प्रिन्सेस कोलियरी या खऱ्या कोळसा खाणीत. ती १९७५मध्ये बंद झालेली. गावकऱ्यांनी पाहुणे येणार म्हणून खाण धुऊन-पुसून, रंगवून ठेवली आणि मग चित्रपटवाल्यांना पैसे खर्चून ती पुन्हा काळीकुट्ट करावी लागली, ही गोष्ट या चित्रपटाबद्दल नेहमी सांगितली जाते. खाली मिथेन या स्फोटक वायूचा धोका, त्यामुळे दिवे लावण्यावरही बंधनं. छायालेखक रॉडनी गिबन्सला त्या अडचणीतून जो अंधार मिळाला तो स्टुडिओत उभा करता येत नाही. बोगद्यात दिव्याचा एक ठिपका, त्यामागे काहीच नाही, आणि गॅस मास्कमधून येणारा श्वासाचा आवाज. खुन्याचा सगळा वेश हा कामगाराचाच वेश: मास्क, हेल्मेट, डगला, कुदळ. गावातला कुठलाही पुरुष तो असू शकतो, कारण प्रत्येकाच्या खुंटीला हाच वेश लटकलेला आहे. मुखवटा कथेतून इतका सहज आलेला स्लॅशर मला दुसरा आठवत नाही.

दुसरं, यातली तरुण मंडळी शाळकरी पोरं नाहीत. नोकरीवाली माणसं आहेत, शिफ्ट संपवून बिअर पितात, पगारात भागवतात. टी. जे. हा महापौराचा मुलगा, बाहेर नशीब काढायला गेला होता, हरून परत आलाय आणि बापाच्या खाणीत उतरलाय. तो गेल्यावर त्याची प्रेयसी सारा मित्राची, अ‍ॅक्सलची झाली. गावात काम एकच, ते खाणीतलं, त्यामुळे दोघांना रोज एकाच खाणीत एकमेकांसमोर यावं लागतं. खुनी आला नसता तरी ही गोष्ट उभी राहिली असती.

आणि गावाचा जो शाप आहे तो निष्काळजीपणातून जन्मलाय. वीस वर्षांपूर्वी व्हॅलेंटाइनच्या नाचाला जायच्या घाईत दोन सुपरवायझर खाणीतल्या मिथेनची तपासणी न करता निघून गेले. स्फोट झाला, माणसं गाडली गेली. हॅरी वॉर्डन एकटा जिवंत निघाला, तोही मेलेल्या सोबत्यांचं मांस खाऊन. वर्षाने त्याने त्या दोघांना मारलं, त्यांची काळजं चॉकलेटच्या डब्यात ठेवली आणि पुन्हा नाच भरवाल तर याद राखा, असं बजावलं.

माझे मामा चंद्रपूरकडे कोळशाच्या भूमिगत खाणीत नोकरी करून निवृत्त झाले. हा चित्रपट मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलाय. कुदळ, रक्त, डोळा यातल्या कशावर त्यांनी काही म्हटलं नाही. ही जुनी हकिकत आली तिथे मात्र ते ताठ बसले. “गॅस न तपासता गेला? शिफ्ट सुरू असताना सिरदार नाचाले गेला?” (सिरदार म्हणजे खाणीतला गॅस तपासणारा मुकादम.) आणि मग बराच वेळ चित्रपट सोडून, सेफ्टी लॅम्पची ज्योत कशी बघायची, तिच्यावर निळसर टोपी दिसली की काय समजायचं, हे मला समजावत राहिले. त्यांच्यासाठी सगळ्यात भयानक प्रसंग तोच होता आणि तोही गोष्टीतून सांगितलेला, पुरता दाखवलेला नाही. आता त्यांचं मत कुठल्या गटात टाकणार? म्हणून म्हणते, बघणारा काय घेऊन आलाय यावर फार अवलंबून आहे. खाण माहीत असलेला माणूस आणि पन्नास स्लॅशर पचवलेला माणूस, यांना पडद्यावर वेगवेगळ्या जागी टोचतं.

आता तक्रारी. ‘पहिला भाग संथ आहे’ ही मला अर्धी मान्य. गाव आणि माणसं उभी करायला तो वेळ लागतो आणि सत्कारणी लागतो. पण पोलीस प्रमुख न्यूबी आणि महापौर गावापासून खून लपवतात, तो धागा मध्येच लोंबकळत राहतो. मेबल नावाच्या प्रौढ बाईचा लाँड्रीत, ड्रायरमध्ये भयंकर अंत होतो आणि गावाला सांगतात की ती हृदयविकाराने गेली. कल्पना चांगली आहे. त्यावर पुढे बांधकाम फारसं होत नाही. ‘अभिनय बेताचा’ हे प्रेमत्रिकोणाच्या बाबतीत खरं आहे. हॉलिसचं काम करणारा कीथ नाइट आणि गुत्तेवाला हॅपी झालेला जॅक व्हॅन एव्हेरा यांच्या बाबतीत मुळीच खरं नाही. हॉलिस हा जाड्या, मिशाळ, सगळ्यांना सांभाळून घेणारा मित्र. त्याला काही होऊ नये असं वाटतं, आणि स्लॅशरमध्ये असं वाटायला लावणं ही मोठी गोष्ट आहे. ‘खुनी ओळखता येतो’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. शेवटचा खुलासा घाईत उरकलाय हे मलाही खटकतं.

‘बायकांवरची हिंसा चवीने दाखवलीय’ ही तक्रार गंभीर आहे आणि तिला झटकून टाकणारे चाहते मला आवडत नाहीत. सुरुवातीचा प्रसंग घ्या. खाणीत मास्क घातलेली दोन माणसं, त्यातली एक बाई निघते, ती कपडे उतरवते, छातीवर बदामाचं गोंदण, आणि तिला कुदळीच्या टोकावर ढकललं जातं. हा प्रसंग कथेला पुढे काही देत नाही. त्या काळच्या बाजाराला जे हवं होतं ते पहिल्या पाच मिनिटांत हातावर ठेवलंय, बस. सिस्कल-ईबर्ट ज्यावर बोलत होते ते हेच आणि इथे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पुढे मात्र चित्रपट बदलतो. गुत्तेवाला हॅपी, उकळत्या पाण्यात तोंड दाबून मारलेला डेव्ह, हॉलिस, सगळे पुरुष, आणि कॅमेरा त्यांच्यावर तितकाच निर्दय आहे. तेवढ्याने पहिला प्रसंग धुऊन निघत नाही. पण अख्ख्या चित्रपटाला त्या एका मापाने मोजणंही मला अन्यायाचं वाटतं. ज्याला हा प्रकारच नको असेल त्याने तो पाहू नये. त्याचं ‘किळसवाणा’ हे मत त्याच्या जागी पूर्ण आहे आणि ते वाचून तुम्हाला स्वतःबद्दल काही ठरवता येत असेल तर उपयोगाचंही आहे.

जुन्या आठवणींचा प्रश्न राहिला. तिकडे ज्यांनी हा ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेटवर, घरच्यांपासून लपून पाहिला त्यांच्या प्रेमात तो काळ मिसळलेला असणारच. पण निव्वळ आठवणींनी चित्रपट इतका टिकत नाही. पहिल्या धावेत त्याने अमेरिकेत सुमारे ५७ लाख डॉलर कमावले. पॅरामाउंटच्या अपेक्षेच्या मानाने ते थोडेच होते. त्या वर्षी स्लॅशरची नुसती रांग लागली होती, समीक्षक कंटाळले होते, आणि हा त्या रांगेत हरवला. नंतर पाहणाऱ्याने तो रांगेतून वेगळा काढून पाहिला, तेव्हा खाण आणि गाव दिसलं. पुढे प्रसिद्ध दिग्दर्शक क्वेंटिन टॅरंटिनोने हा आपला सगळ्यात आवडता स्लॅशर असल्याचं सांगितलं आणि चाहते वाढले. त्याचा तोटाही झाला. आता नवा प्रेक्षक ‘सर्वोत्तम’ शोधायला येतो, आणि जो चित्रपट हळूहळू अंगावर येतो त्याला असल्या अपेक्षेने पाहिलं की निराशा ठरलेली.

तुमच्या स्वतःच्या अनुभवाबद्दल. तुम्ही मोबाइलवर पाहिलात. प्रत कोणती ते लिहिलं नाहीत, पण माझी शंका छाटलेल्या, कमी दर्जाच्या प्रतीवर आहे. या चित्रपटाचा शेवटचा बराच भाग खाणीच्या अंधारात आहे. फाइल फार दाबलेली असेल तर अंधाराचे चौकोनी ठोकळे होतात, गिबन्सने राखलेला तो एक दिव्याचा ठिपका आणि त्यामागची खोली सगळं सपाट होतं. मोबाइलच्या स्पीकरमधून पॉल झाझाच्या संगीताचे खालचे सूर आणि मास्कमधला श्वास जवळजवळ नाहीसे होतात. अशा स्थितीत मीही कंटाळले असते. तुमची आवड चुकीची आहे असं मुळीच समजू नका. चांगल्या प्रतीवर पाहूनही तो आवडला नाही, तर ते मत पक्कं धरा आणि बिनधास्त सांगा.

प्रत ओळखायची कशी? लोक लांबी पाहतात, छाटलेली सुमारे ९० मिनिटं आणि पूर्ण सुमारे ९३. पण फक्त लांबीवर जाऊ नका. युरोपातल्या जुन्या टीव्ही पद्धतीसाठी बनवलेल्या प्रतीत सेकंदाला २४ऐवजी २५ फ्रेम चालतात, त्यामुळे पूर्ण प्रतसुद्धा ८९ मिनिटांच्या आसपास भरते आणि छाटलेली समजून लोक ती टाकून देतात. खात्रीचा उपाय म्हणजे गुत्तेवाल्या हॅपीचा मृत्यू पाहा. कुदळ हनुवटीखालून वर जाते. त्यानंतर डोळ्याचं काय होतं ते स्पष्ट दिसलं तर प्रत पूर्ण आहे. कुदळ लागताच प्रसंग तुटला तर छाटलेली. पोट कच्चं असेल तर ही तपासणी जेवायच्या आधी करा.

हॉस्टेलच्या खेळाबद्दल माझं मत होकाराचं आहे, काही अटींवर. सगळे १८ वर्षांवरचे हवेत. आधी मोकळेपणाने सांगा की यात कापाकापी आहे आणि पहिला प्रसंग बायकांना विशेष खटकण्यासारखा आहे, म्हणजे कुणी फसल्यासारखं बसून राहणार नाही. मध्येच उठून जाणाऱ्याला थांबवू नका, चिडवू नका. हिंसेचे प्रसंग प्रत्येकाच्या अंगावर वेगळे येतात. घरात नुकता अपघात किंवा मृत्यू झालेला मित्र असेल तर त्याला आदल्या दिवशीच एकट्याने विचारा. खोलीत पूर्ण अंधार करा, लॅपटॉपच्या स्पीकरऐवजी बाहेरचा बरा स्पीकर जोडा आणि पडद्याचा ब्राइटनेस वाढवायचा मोह टाळा. काळं काळंच दिसू द्या. गोष्ट गुरुवार १२ फेब्रुवारीला सुरू होते आणि शनिवारी १४ला, नाचाच्या रात्री, टोकाला जाते, त्यामुळे तारखेचा मेळ छान बसतो. शेवटची श्रेयनामावली सुरू झाल्यावर लगेच दिवे लावू नका. तिथे हॅरी वॉर्डनचं एक लोकगीताच्या चालीचं गाणं आहे, जॉन मॅकडर्मट या गायकाच्या आवाजात, आणि इतका वेळ खुनांच्या मागे धावलेला प्रेक्षक ते ऐकताना पहिल्यांदा त्या गाडल्या गेलेल्या खाणकामगारांचा विचार करतो.

पाहून झाल्यावर मित्रांची मतं घ्या आणि इथे लिहा. फक्त प्रत्येकाच्या मताशेजारी दोन गोष्टी टाका: याआधी त्याने असे किती चित्रपट पाहिलेत, आणि तुम्ही दाखवलेल्या प्रतीत हॅपीच्या डोळ्याचा शॉट होता की नव्हता.